दारातली चार फूट जागा : वाचकांचे प्रश्न

नवरात्र संपून दिवाळीची चाहूल लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत दाराचा विषय हमखास असतो. म्हणून या वेळचं सगळं सदर घराच्या दाराशी असलेल्या जागेला दिलं आहे.

उत्तरांआधी थोडं माझ्या घराबद्दल, कारण माझी सगळी उत्तरं तिथूनच निघतात. मी वाईची. कृष्णेच्या घाटापासून आमचं घर चार-पाच मिनिटांवर. दिंडीतून वाकून आत आलं की ढेलज, म्हणजे दारालगतची टेकायची जागा. डाव्या हाताला कोनाडा, त्यात दिवा. उजवीकडे भिंतीला लागून लांब बाक, बाकाखाली वहाणा, कोपऱ्यात पाण्याची घागर. येणारा माणूस आधी तिथे टेकायचा, घोटभर पाणी प्यायचा, मग आत सोप्यावर. दिवेलागणीला आई पहिली वात त्या कोनाड्यात लावायची, देवघरात नंतर. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाली, "देव घरातच आहेत गं. बाहेरून यायचंय ते माणसांना."

गेली 22 वर्षं मी पुण्यात घरांची अंतर्गत सजावट करते. फ्लॅटमध्ये ढेलज कुणी बांधून देत नाही. पण ढेलजेची कामं होती चार : टेकायला जागा, पादत्राणांना जागा, हातातलं ओझं ठेवायला जागा आणि एकमेकांची तोंडं दिसतील एवढा उजेड. ही चारही कामं चार फुटांत बसतात. ती नीट बसली की सजावटीसाठी फार काही विकत आणावं लागत नाही.

ताई, आमचा चिंचवडला टू बीएचके आहे. दार उघडलं की 4 फूट रुंद, 7 फूट लांब पॅसेज आणि मग हॉल. घरात आम्ही पाच जण. दारात कायम चपलांचा ढीग. बाहेर लॉबीत ठेवलेलं चपलांचं कपाट हलवा म्हणून सोसायटीची नोटीस आली आहे. पॅसेजसाठी कन्सोल टेबल, मोठा आरसा आणि झुंबर बघून ठेवलंय. चाळीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. आधी काय घ्यावं? – एक वाचक, चिंचवड

नोटिशीचा राग धरू नका. लॉबी आणि जिना ही आग लागली तर सगळ्या मजल्याची सुटकेची वाट असते. धुरात माणसं भिंत चाचपडत खाली येतात आणि नेमकी अशा कपाटांना अडखळतात. महाराष्ट्रात आगीपासूनच्या सुरक्षेचा 2006 चा कायदा आहे आणि सुटकेच्या वाटा मोकळ्या ठेवणं ही इमारतीत राहणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. कपाट आत घ्या. त्याला आत जागा आहे, ती कशी काढायची ते सांगते.

खरेदीला जाण्याआधी एक आठवडा फक्त बघा. कोण घरात शिरताना काय हातात घेऊन येतं आणि ते कुठे टाकतं, हे वहीत लिहून ठेवा. मी प्रत्येक घरी हेच करायला सांगते. परवा एका घरी यातून कळलं, की मुलाची शाळेची बॅग, वडिलांचं हेल्मेट आणि भाजीची पिशवी या तीनच वस्तू रोज दारात लोळतात. बाकी पसारा त्यांच्याभोवती जमतो. तीन मजबूत हुक लावले, दोन मोठ्यांसाठी पाच फुटांवर आणि एक मुलासाठी तीन फुटांवर. निम्मा पॅसेज त्या दिवशीच मोकळा झाला.

आता चपला. पाच माणसं, माणशी दोन जोड दाराशी. म्हणजे दहा जोड. लग्नाकार्याचे, ट्रेकचे, कधीमधी लागणारे जोड डब्यात भरून आतल्या कपाटावर जाऊ द्या. पुरुषांचा बूट आडव्या फळीवर ठेवायचा तर कपाट 13-14 इंच खोल लागतं. तुमच्या 48 इंचांतून 14 गेले की राहिले 34. त्यात समोरून पिशव्या घेऊन माणूस आला की दुसऱ्याला अंग चोरून उभं राहावं लागतं. म्हणून कलत्या खणांचं कपाट करून घ्या. त्यात बूट चवड्यावर उभे राहतात आणि खोली 8 इंचांत भागते. वाट 40 इंच मोकळी राहते. कन्सोल टेबल घेऊ नका, याच कपाटाचा वरचा भाग तुमचं टेबल होईल.

कपाट जमिनीवर टेकवू नका. भिंतीला बसवून खालून सात-आठ इंच मोकळं ठेवा. रोजच्या सपाता पायानेच खाली सरकवता येतात आणि फरशी पुसताना फडकं भिंतीपर्यंत जातं. फरशीच्या इतक्या जवळ रोजचा पोछा लागतो, तेव्हा सुताराला आयएस 710 छापाचं प्लायवुड आणायला सांगा. आयएस 303 चं साधं प्लाय तिथे दोन-तीन पावसाळ्यांत फुगतं. दारांना वेताची जाळी लावा, नाहीतर निदान भोकं पाडून घ्या. बंद कपाटात ओले बूट गेले की आठवड्यात बुरशी धरते. पावसाळ्यात ओले बूट आत घालायचेच नाहीत. दाराशी जाळीचा ट्रे ठेवा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि बोळे भिजले की बदला.

समोरच्या भिंतीवर घडी पडणारा छोटा बाक, 12 इंच रुंद, जमिनीपासून 18 इंचांवर. हा कृपा करून टाळू नका. बुटाची नाडी बांधायला माणूस टेकतो, तेवढ्या वेळात घरातलं कुणीतरी दाराशी येतं आणि जाता जाता दोन शब्द होतात.

झुंबर नको. छताच्या मधोमध दिवा असला की येणाऱ्याच्या डोक्यावर उजेड आणि चेहऱ्यावर सावली पडते. आरसा बाकाच्या वर, त्याचा मध्य पाच फुटांवर येईल असा, आणि आरशाशेजारी भिंतीवरचा दिवा. पाच वॉटचा एलईडी पुरतो, पण रंग 2700 ते 3000 केल्विनमध्येच घ्या. खोक्यावर लिहिलेलं असतं. साडेसहा हजारवाला पांढरा दिवा दवाखान्याच्या खोलीत ठीक आहे. दारात तो माणसाला थकलेलं दाखवतो.

हे सगळं झाल्यावर शोभेची एक वस्तू. दार उघडल्या उघडल्या नजर ज्या भिंतीवर जाते तिथे. पालघरच्या कलाकाराकडून घेतलेलं वारली चित्र, पिंगुळीची चित्रकथी किंवा तुमच्या मुलीने काढलेलं चित्र चांगल्या चौकटीत. एकच. मागच्या भिंतीला गेरूच्या जवळ जाणारा रंग दिलात तर चित्र उठून दिसेल. निम्मे पैसे कपाटाला घाला, उरलेल्यात बाकीचं होईल, कदाचित थोडे वाचतीलही.

आमचं कोल्हापूरला जुनं बैठं घर आहे. सासूबाई 78 वर्षांच्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात. मुख्य दाराचा उंबरठा तीन इंच उंच आहे, त्यावरून वॉकर उचलून टाकताना दोनदा तोल गेला. यांचं म्हणणं उंबरठा काढून टाकू. सासूबाई म्हणतात, "मी माप ओलांडून आले तो उंबरठा, माझ्या डोळ्यांदेखत काढू नका." दिवाळीला दार छान सजवायचंय, पण या प्रश्नापुढे काही सुचत नाही. – एक सून, कोल्हापूर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही दोन्ही बाजू समजून लिहिलं आहे, त्यामुळे वाट निघेल.

आधी सुरक्षेचं बोलते, कारण दोनदा तोल गेला आहे आणि तिसऱ्यांदाची वाट बघायची नाही. उंबरठ्याला दोन्हीकडून उतार द्यावा असं कुणी सुचवेल. उताराचं माप एकास बारा धरतात. तीन इंचांसाठी तीन फूट बाहेर आणि तीन फूट आत एवढा लांब उतार हवा. बाजारात मिळणारा हातभर रबरी उतार फार खडा पडतो, वॉकरचे पाय त्यावरून घसरतात. तुमच्याकडे बाहेर ओटा ऐसपैस असेल आणि आत जागा असेल तरच या वाटेला जा. नसेल तर उंबरठा खाली घ्यावा लागेल : उंची फक्त अर्धा इंच उरेल इतका, त्याहून जास्त नाही, आणि दोन्ही कडा तासून उतरत्या केलेल्या.

हे काम जाणत्या सुताराकडूनच करून घ्या. जुन्या चौकटीत उंबरठा ही चौकटीची चौथी बाजू असते, दोन्ही उभे खांब त्यात कुसवाने बसवलेले असतात. तो नुसता कापून काढला तर चौकट खाली फाकते आणि महिन्याभरात दार घासू लागतं. खांब भिंतीत लोखंडी पट्ट्यांनी आधी पक्के करायचे, मग उंबरठ्याला हात घालायचा. उंबरठा गेला की दाराखालून पाणी, धूळ, झुरळं येतील म्हणून दाराच्या खालच्या कडेला ब्रशची पट्टी लावा.

आणि आता सासूबाईंचं. काही वर्षांपूर्वी साताऱ्यात असंच एक काम केलं होतं. काढलेला सागवानी उंबरठा आम्ही टाकला नाही. घासून, तेल देऊन तो दाराच्या आत उजव्या भिंतीला, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा उंचीवर पट्टीसारखा बसवला. दोन्ही टोकांना पूर्वीच्या हळदी-कुंकवाचे डाग होते, ते घासू दिले नाहीत. त्या आजी रोज सकाळी खुर्चीत बसून त्यावर हळद-कुंकू वाहतात. आधी त्यांना वाकवत नव्हतं म्हणून ते काम सून करायची. आता पुन्हा त्यांच्या हातात आलं आहे. तुमच्या सासूबाईंना असं विचारून बघा. काढायचा का, असं विचारू नका. तुमच्या हाताशी आणू का, असं विचारा. त्यांनी नाही म्हटलं तर मात्र उताराची जागा कशीही करून शोधा. त्यांच्या मनाविरुद्ध उंबरठा फोडण्याचा सल्ला मी देणार नाही.

सजावट करताना काय टाळायचं तेही सांगते. दारातलं सुटं पायपुसणं आजच उचला, वॉकरचा पाय त्यात अडकतो. नवी फरशी बसवणार असाल तर पायपुसणं फरशीच्या पातळीला बसेल असा खळगा ठेवून घ्या. चकचकीत दगड दाराशी नको. 2009 साली एका घरी मी दाराबाहेर पॉलिश केलेलं ग्रॅनाइट बसवलं. दिसायला सुंदर होतं. पहिल्याच वळवात त्या घरातले आजोबा घसरले आणि मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन तो दगड काढायला लावला. तेव्हापासून दाराशी खरखरीत शहाबाद, नाहीतर मॅट टाइल, याशिवाय काही लावलेलं नाही.

रांगोळी वाटेत काढू नका, तिची भुकटी टायलीवर घसरते. दाराच्या बाजूला गेरूने रंगवलेला पाट ठेवा, त्यावर ठिपक्यांची रांगोळी काढा. दोन दिवस जशीच्या तशी राहते आणि सासूबाई टेबलाशी बसून पाटावर स्वतःही काढू शकतील. दाराच्या आत हात असलेली घट्ट खुर्ची ठेवा. भिंतीला 34 इंचांच्या आसपास धरायची दांडी बसवा. ती पितळेची करून घेतलीत तर सणाच्या दिवशी झेंडूची माळ तिच्यावरही शोभेल, फक्त धरायची जागा मोकळी सोडून.

राजापूरजवळच्या गावचं आजोबांचं घर पाडलं. त्याचं कोरीव दार (दोन फळ्या, चौकट, वर गणपती कोरलेली पट्टी) मी ठाण्याला आणून ठेवलंय. फ्लॅटच्या मुख्य दाराच्या जागी ते बसवता येईल का? – एक वाचक, ठाणे

बसवू नका, पण ते दार घरातच, आणि दारापाशीच राहील असं करू.

गावची जुनी दारं बुटकी असतात, साडेपाच फूट म्हणजे उंच म्हणायची. तुमच्या फ्लॅटची चौकट सात फुटी. शिवाय त्या फळ्यांना बहुधा बिजागऱ्या नसतील. वर-खाली लाकडाच्याच खुंट्या आणि त्या चौकटीच्या भोकांत फिरणाऱ्या. त्याला आजचं कुलूप नीट बसत नाही आणि फटींतून उजेड दिसतो. इमारत उंच असेल तर मुख्य दार आगीला टिकणारं असावं लागतं, त्या दाराला हात लावण्याआधी सोसायटीला विचारावं लागेल.

पण त्याआधी ते दार कुठे ठेवलंय ते बघा. सोफ्याशेजारी उभं केलं असेल तर आज बाहेर गॅलरीत न्या. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली बारीक पीठ पडत असेल तर घुण जिवंत आहे आणि ती तुमच्या नव्या फर्निचरमध्ये शिरेल. मातीच्या पापुद्र्याचे माग दिसले तर वाळवी. दोन्हींचे उपाय वेगळे, ते जाणकाराकडून करून घ्या, महिनाभर थांबा, पुन्हा पीठ पडतं का बघा, मगच आत आणा.

दुसरं, त्यावर हिरवा किंवा निळा तैलरंग असणार. कोकणातल्या बहुतेक जुन्या दारांवर एकावर एक असे चार-पाच हात असतात. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तेव्हा मशीनने कोरडं घासायला देऊ नका, ती धूळ लहान मुलांच्या पोटात जाणं वाईट. रंग काढायचं रसायन लावून, ओला ठेवून, खरवडून काढायचा. खाली फणसाचं लाकूड निघालं तर सागापेक्षा पिवळसर-तपकिरी दिसेल. त्याला सागाचा रंग चढवू नका. अळशीचं तेल दोन-तीन हात पुरे.

माझ्या मनात असं आहे : गणेशपट्टी नव्या मुख्य दाराच्या वर, आतल्या बाजूने. दोन्ही फळ्या शेजारी शेजारी आतल्या भिंतीवर आणि त्यांच्याखाली बाक, म्हणजे फळ्या बाकाची पाठ होतील. कडी-कोयंडा, साखळी जागच्या जागी राहू द्या. साखळी गंजली असेल तर तेल लावून ठेवा, चांदीसारखी चमकवू नका. एकेक फळी वीस-पंचवीस किलो सहज भरते, म्हणून भिंत कशाची आहे ते आधी तपासा. विटेची असेल तर अँकर बोल्ट चालतो, हलक्या ब्लॉकची असेल तर त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात, आणि जिप्समच्या भिंतीवर हे करूच नका.

एक छोटी गोष्ट. कडीजवळचं लाकूड बघा. वर्षानुवर्षं हात लागून तिथे एक गुळगुळीत खोलगट जागा झालेली असते. कारागिराला ती बोट ठेवून दाखवा आणि तिथे पॉलिशपेपर फिरवू नको म्हणून सांगा. आजोबांचा हात तिथे आहे.

दारासमोर आरसा नसावा म्हणतात, खरं का? – एक वाचक, जळगाव

वास्तुशास्त्र हा माझा अभ्यासाचा विषय नाही, म्हणून त्यावर मी मत देत नाही. तुमच्या घरात ते मानत असतील तर आरसा बाजूच्या भिंतीवर लावा. तसंही बाजूलाच तो जास्त उपयोगी पडतो. दारासमोर लावला तर दार उघडताक्षणी पाहुण्याला स्वतःचंच ध्यान दिसतं आणि तुमच्याकडे बघायच्या आधी त्याचा हात केसांकडे जातो.

आजीचं तांब्याचं घंगाळ दारात पाणी भरून, फुलं सोडून ठेवते. छान दिसतं, पण काळं पडतं आणि डासांची भीती वाटते. – एक वाचक, नागपूर

भीती बरोबर आहे. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. पाणी रोज बदला. आठवड्यातून एकदा घंगाळ पूर्ण रिकामं करून आतून घासा, कारण अंडी काठाला चिकटून राहतात. चिंच आणि मीठ लावून घासलंत की काळेपणा जातो, पण लगेच धुऊन कोरडं पुसा, नाहीतर हिरवे डाग येतात. गावाला जाणार असाल तर पालथं घालून जा. पोचे पडले असतील तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून मठारकाम करणारे कारागीर आहेत, पुण्याला येणं झालं तर त्यांना दाखवा.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. खिळा ठोकायची परवानगी नाही. दार उघडलं की थेट लिव्हिंग रूम, कार्पेट. हिवाळ्यात बुटांचा बर्फ, मिठाचे डाग. आईने पाठवलेलं मण्यांचं तोरण तीन वर्षं डब्यातच आहे. मुलगी चार वर्षांची आहे, तिला आपलं दार कसं असतं ते कळावं असं वाटतं. – एक वाचक, एडिसन

आधी तोरण बाहेर काढू. फ्रिजवरचं एक चुंबक घ्या आणि दाराला लावून बघा. तिकडच्या अपार्टमेंटची दारं आणि चौकटी पुष्कळदा पोलादी असतात. चिकटलं तर काम झालं. चुंबकाचे हुक मिळतात, चौकटीवर तीन लावा, मण्यांचं तोरण त्यावर आरामात राहतं. चिकटलं नाही तर ओढून काढता येणारे चिकट हुक आहेत, फक्त लावण्याआधी जागा स्पिरिटने पुसा आणि तासभर थांबून मग वजन द्या. तोरण दाराच्या आतल्या बाजूला लावा. बाहेर कॉरिडॉरमध्ये काय चालतं ते करारात बघून घ्या.

थेट लिव्हिंग रूममध्ये शिरणाऱ्या घरात दारातली जागा आपणच ठरवून घ्यावी लागते. दारापासून साडेतीन-चार फुटांची हद्द धरा. कार्पेटवर पाणी न झिरपणारी चटई, तिच्या एका कडेला उंच काठाचा बुटांचा ट्रे. ट्रेमध्ये गुळगुळीत गोटे पसरा. बर्फ वितळून पाणी खाली जातं, बूट वर कोरडे राहतात. मिठाचे पांढरे डाग पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं करून, फडक्याने लगेच टिपले तर निघतात. वाळू दिले तर चिवट होतात. चटईच्या आतल्या कडेला पाठ नसलेलं बुटकं शेल्फ आडवं ठेवा. ते खोलीत भिंतीसारखं उभं न राहता ओट्याच्या कठड्यासारखं काम करेल.

मुलीसाठी त्या शेल्फवर एक जागा फक्त तिची ठेवा. मराठी घरातलं दार ऋतूप्रमाणे बदलतं, आणि तिला तेच दाखवायचं आहे. पाडव्याला छोटी गुढी, दसऱ्याला झेंडूचं तोरण. झेंडू तिकडच्या उन्हाळ्यात कुंडीत उत्तम येतो. पहिली थंडी पडायच्या आत फुलं खुडून ओवून ठेवा. मार्गशीर्षात गेरूच्या रंगाच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने लक्ष्मीची पावलं. पावलं तिच्या हाताची मूठ टेकवून उमटवायची, वर बोटांनी पाच ठिपके, तशीच जशी आपण लहानपणी काढायचो. आंब्याची पानं मिळाली नाहीत तर हिरव्या कागदाची तिलाच कापू द्या. प्लॅस्टिकची तयार मिळतात, ती मात्र आणू नका. तिने वाकडी कापलेली पानं दारावर असतील, तर येणाऱ्या प्रत्येकाला ती स्वतः दाखवेल.

लग्नानंतर दोघांनी आपापली आडनावं ठेवली आहेत. घरात माझी आईही असते. दारावरच्या पाटीवर काय लिहावं? मालाडला समुद्राजवळ राहतो, आधीची पितळी पाटी वर्षात काळी पडली. – एक वाचक, मुंबई

जे त्या घरात राहतात, त्या सगळ्यांची नावं. तुमच्या आईचंही, आणि सगळ्यात वर. आयुष्यभर दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली राहिलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दोन वर्षांपूर्वी एका घरी पाटी बसवताना सत्तरीच्या बाई स्वतःच्या नावावरून बोट फिरवत किती तरी वेळ दारातच उभ्या होत्या. राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही येतं. दारावर ते यायला कुठल्या निर्णयाची गरज नव्हतीच.

आडनावं वेगवेगळी असली तरी पाटीत गर्दी होऊ नये. नुसती नावं मोठी घ्या, आडनावं खाली बारीक. देवनागरीत मात्रा, वेलांट्या आणि रफार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजी पाटीपेक्षा जास्त अंतर सोडायला सांगा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. अक्षर निदान सव्वा-दीड इंचाचं, आणि फ्लॅटचा नंबर त्याहून मोठा. रात्री अॅम्ब्युलन्सच्या माणसाला तोच लागतो.

समुद्राजवळ पितळ हवं असेल तर दर पंधरा दिवसांनी घासायची तयारी ठेवा. ती नसेल तर 316 प्रतीचं स्टील घ्या, 304 ला खाऱ्या हवेत तांबूस ठिपके येतात. मला स्वतःला तिथे भाजलेल्या मातीची, झिलई दिलेली पाटी आवडते. खाऱ्या हवेचा तिच्यावर काही परिणाम होत नाही आणि अक्षर हाताने काढून घेता येतं. आईचं अक्षर चांगलं असेल तर त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घ्या, कारागीर ते जसंच्या तसं उतरवतो.

पाटी टाकायला देण्याआधी तोच कागद दारावर चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. रात्री लिफ्टमधून बाहेर पडून पाच पावलांवर उभं राहा. वाचता आलं नाही तर अक्षर मोठं करा, नाहीतर पाटीवर एक छोटा दिवा घ्या.